दगड जपला, लाकूड विकले

बारामती तालुक्याचा पश्चिमेकडचा पट्टा जिरायती. सह्याद्रीवर रिता झालेला पाऊस इथे पोहोचेपर्यंत शिंतोड्यांवर येतो. या पट्ट्यात, मोरगावच्या शेजारी, लोणी भापकर हे गाव आहे. मल्लिकार्जुनाच्या देवळाजवळ तिथे एक दगडी पुष्करणी आहे. पायऱ्या पाण्याकडे उतरतात, भिंतींत देवकोष्ठे आहेत आणि लगतच खांबांवर उभा असलेला मंडप आहे. याच परिसरात यज्ञवराहाची मूर्ती आहे. वराह संपूर्ण प्राणिरूपातला आणि अंगावर विष्णूच्या छोट्या-छोट्या प्रतिमा कोरलेला. बांधणी हेमाडपंती, काळ यादवांचा मानला जातो.

पाहायला येणारे वराहाचा फोटो काढतात, पुष्करणीचा काढतात आणि निघतात. मंडपाकडे पाठ होते. खरे तर थांबावे ते मंडपापाशी. चहूबाजूंनी उघडे छत, खाली सावली, शेजारी पाणी, मधून वाहणारा वारा. कोरड्या मुलखात बाग म्हणावी ती हीच. झाडे नंतर येतात. आधी पाणी आणि पाण्याकडे तोंड करून बसायला सावलीची जागा.

या धाटणीचे खांब जरा बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. खांब खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल होत जातो. गोल भागावर एकावर एक वलये असतात, जणू खांब चरकावर धरून कातला आहे. माथ्यावर आडवे हस्त असतात आणि त्यांवर तुळई टेकते. हे सगळे सुताराचे काम आहे. चौकोनी ओंडक्याच्या कडा तासल्या की अष्टकोन होतो, आणखी तासल्या की गोल होतो. तुळईखाली हस्त द्यायचा तो लाकूड मध्येच लचकू नये म्हणून. पाथरवटाने हे सगळे सुताराकडून घेतले आणि दगडात उतरवले. लोणी भापकरचा मंडप दगडाचा खरा, पण त्याचे व्याकरण लाकडाचे आहे.

महाराष्ट्राने हा दगड बऱ्यापैकी जपला. ज्या लाकडाने त्याला आकार दिला, ते मात्र घनफुटाच्या भावाने विकले, आणि अजूनही विकत आहे. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, लेणी येतात, हेमाडपंती देऊळ येते. लाकडी सभामंडप, वाड्याची ओसरी, बागेतला बंगला हे सारे 'जुने बांधकाम' या दोन शब्दांत निकाली निघते. ही चूक आता सुधारली नाही तर पुढच्या पिढीसाठी सुधारण्याजोगे काही उरणार नाही.

'लाकूड टिकत नाही' हा या चुकीचा सगळ्यात मोठा आधार. तो खोडायला पुणे जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहा. डोंगर कोरून केलेल्या छताला लाकडी कमानदार वासे लावलेले आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्री आहे. हे लाकूड सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. दगडी छताला वाशांची गरज नव्हती. तरीही ते लावले, कारण त्या काळच्या माणसाला लाकडावाचून छत छत वाटत नव्हते. पाण्याची धार लागली नाही, वाळवीची वाट अडली आणि वारा खेळता राहिला की सागवान माणसाच्या ऐंशी पिढ्या पाहू शकते.

आता बागेकडे. दख्खनमध्ये बागेतल्या वास्तूची हौस जुनी आहे. अहिल्यानगरजवळचा फराहबाग निजामशाहीत १५८३च्या सुमारास पूर्ण झाला. तो महाल तळ्याच्या मधोमध उभा आहे. दगड-चुन्याच्या त्या भल्या थोरल्या बांधणीतही सागवानी तुळयांचा वापर आहे. पेशवाईत पुण्यात ही हौस एवढी वाढली की शहराचा अर्धा नकाशा बागांच्या नावांनी भरला. हिराबाग, सारसबाग, मोतीबाग, माणिकबाग, रमणबाग, विश्रामबाग, तुळशीबाग, बेलबाग. आज ही नावे रस्ता, शाळा, बाजार आणि बसथांब्यांची आहेत. बहुतेक बागा गेल्या, नावे उरली.

या बागांत जे बंगले आणि मंडप उभे राहिले त्यांचा जीव लाकडात होता. कारण सोपे आहे. बागेतल्या वास्तूला भिंत नको असते. भिंत आली की वारा अडतो, पाण्याचे दर्शन अडते, फुलांचा वास अडतो. दगडाने तेवढीच मोकळीक साधायची तर खांब जाड होतात आणि जवळजवळ येतात. सागवानाचा खांब मुठीत मावेल इतका नसला तरी कवेत सहज मावतो, आणि तुळई दोन खांबांत ऐसपैस अंतर सोडू देते.

पेशवाई खांबाची रचना एकदा कळली की तो जुन्या मित्रासारखा ओळखू येतो. सर्वांत खाली दगडी तळखडा. जमिनीची ओल लाकडात चढू नये, वाळवीला सरळ रस्ता मिळू नये, ही त्याची नेमणूक. त्यावर कमळाच्या पाकळ्या. पाकळ्यांतून वर निघणारा सुरूच्या झाडाच्या आकाराचा खांब, खाली फुगीर आणि वर निमुळता. माथ्याशी केळफुलाचा आकार. सुरू हे फारसी बागेतले मानाचे झाड. मोगल आणि दख्खनी दरबारांतून त्याचा आकार मराठी सुताराच्या हाती आला. केळफूल मात्र परसातले. त्या सुताराने दोन्ही एकाच ओंडक्यात बसवली. तळाशी पाण्यातले कमळ, मध्ये सुरू, वर केळ. खांब बागेत उभा होता आणि खांबातही बाग उभी होती.

दोन खांबांमधली महिरप पाहून पुष्कळांना वाटते की वरचा भार ती पेलते. लाकडी वाड्यात तसे नसते. भार तुळई घेते, हस्तांवरून खांबात आणि खांबातून तळखड्यात उतरवते. महिरप ही कोरीव फळ्यांची, दोन खांबांत बसवलेली. काढली तरी छत जागचे हलत नाही. म्हणूनच वाडा मोडायला निघाला की विकायला पहिल्यांदा तीच निघते.

हिराबागेची सुरुवात नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली केली. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांनी तळे बांधले होते, त्या तळ्याच्या काठावर ही बाग. लाकडी खांब आणि महिरपींचा बंगला पाण्याकडे पाहत होता. तळ्याच्या मध्ये राखलेल्या बेटावर १७८४ साली, सवाई माधवरावांच्या काळात, गणपतीचे देऊळ झाले. तोच आजचा सारसबागेचा, म्हणजे तळ्यातला गणपती. पुढे तळे गेले, बंगल्यापुढचे पाणी गेले आणि त्याच्या अंगाशी टिळक रस्ता आला.

या बागेत फक्त पंगती आणि जलसे झाले असे नाही. ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन हिराबागेतच भरले. आज लाखोंची गर्दी खेचणाऱ्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा पहिला दिवा तिथे लागला. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दरवर्षी रकानेच्या रकाने भरतात. ज्या वास्तूत ते सुरू झाले ती मराठी माणसाने किती वेळा आत जाऊन पाहिली असेल?

हिराबाग निदान आपल्या जागी आहे. कोथरूडची गोष्ट वेगळी. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी तिथे महाल बांधला होता. तो टिकला नाही. त्याचे अवशेष दिनकर गंगाधर केळकर यांनी जमवले आणि पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात 'मस्तानी महाल' म्हणून पुन्हा उभे केले. केळकर कवी होते, 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे, गवाक्षे यांच्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. १९७५ साली आपला हजारो वस्तूंचा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. एका माणसाने वेळीच हात घातला नसता तर मस्तानीच्या महालाची खूण आज फक्त सिनेमाच्या सेटवर उरली असती. मात्र महाराष्ट्रात असे केळकर एकच झाले, आणि वाडे हजारो होते.

शनिवारवाड्याने तर हा धडा अख्ख्या शहरासमोर दिला. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून. म्हणजे लोणी भापकरच्या शेजारचा मुलूखही त्या भिंतींत आहे. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि आतले महाल जळून गेले. आज तिथे जोती, तटबंदी, हजारी कारंज्याचा दगडी हौद आणि दिल्ली दरवाजा दिसतो. पर्यटक घरी जाताना पेशव्यांचा वाडा म्हणजे दगडी भिंती अशी समजूत घेऊन जातो. वाड्याचा जो भाग वाडा होता तो त्याला दिसतच नाही. दिल्ली दरवाजावरचा लाकडी नगारखाना मात्र वाचला आहे. त्या खांबांकडे पाहिले तर जळून काय गेले याची कल्पना येते.

लाकडी बागमहाल जपायचा ठरवला तर जपता येतो. श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानाचा दर्या दौलत बाग आहे, १७८४ सालचा. तळ्यातल्या गणपतीच्याच वर्षाचा. तोही सागवानी, तोही बागेच्या मधोमध, कावेरीच्या काठी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तो राखला आहे. भिंतींवरच्या चित्रांना ऊन लागू नये म्हणून भोवती पडदे सोडलेले असतात आणि माणसे रांग लावून तो पाहतात. जपानमध्ये इसे इथले लाकडी देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात, जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधले जाते. २०१३ साली ही ६२वी खेप झाली, पुढची २०३३ साली आहे. तिथे लाकडाबरोबर सुताराचा हातही जपला जातो, कारण एका माणसाला आयुष्यात दोन-तीनदा ते काम करायला मिळते आणि शिकवायलाही मिळते.

आपल्याकडे सुतार बलुतेदार होता. नांगर, पाभर, बैलगाडी करायची, देवळाच्या रथाचे तुटलेले चाक बसवायचे आणि वाड्याची तुळईही तासायची. लोखंडी अवजारे आली, बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि त्याचे रोजचे काम संपले. तुळई तासणारा हात वर्षातून एकदा येणाऱ्या कामावर जगत नाही. आज गावच्या देवळाचा लाकडी सभामंडप गळू लागला की पंचांपुढे प्रश्न उभा राहतो तो पैशांच्या आधी माणसाचा. दुरुस्त करणारा मिळत नाही, स्लॅब टाकणारा दुसऱ्या दिवशी हजर होतो. मग वर्गणी निघते, मंडप उतरवला जातो, सिमेंटचे चौकोनी खांब उभे राहतात, त्यांना चकचकीत फरशी आणि तैलरंग बसतो. सागवान लिलावात जाते आणि त्यातून मिळालेली रक्कम त्याच बांधकामात खर्ची पडते.

गावकऱ्यांना यात दोष देणे अन्यायाचे होईल. देव गळत्या छताखाली राहू नये, ही त्यांची तळमळ खरी असते. वाड्याच्या मालकाचेही तसेच. एका वाड्याला चार भाऊ, चारांचे बारा वारस, त्यातले आठ पुण्या-मुंबईत. माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची कोणी? एक वर्ष ती चुकली की पाणी कड्यांत उतरते, तीन वर्षे चुकली की कडी कुजते आणि दहाव्या वर्षी दारात जुन्या सागवानाचा व्यापारी उभा असतो. तो कोरीव खांबाला त्याच्या वयाचा नव्हे, लाकडाचा भाव देतो. तो खांब मग कुठल्यातरी उपाहारगृहाच्या दारात उभा राहतो. चौकटीवरची गणेशपट्टी दिवाणखान्यात टांगली जाते. ती कोणत्या गावची, कोणत्या वाड्याची, हे सांगणारा कागद सोबत कधीच नसतो.

आणि तरीही कायदा आहे. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७६ पासून अमलात आला. इमारतीपासून किंवा लेण्यापासून वेगळी केलेली वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर तीही पुरावशेष ठरू शकते, असे त्याच्या व्याख्येत आहे. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. म्हणजे पेशवाईतला कोरीव खांब वाड्यातून निघाला की तो निव्वळ लाकूड राहत नाही. ही गोष्ट किती तलाठ्यांना, ग्रामसेवकांना, सरपंचांना, खुद्द वाड्याच्या मालकांना माहीत आहे? दगडी मूर्ती चोरीला गेली की गाव पोलीस ठाण्यात धावते. खांब ट्रकमध्ये भरला जातो तेव्हा गाव हात लावून मदत करते.

जुन्या लाकडी बांधणीचे मोल फक्त नक्षीत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माती-दगडाच्या जाड भिंतींनी हजारो माणसांचे जीव घेतले. त्याच परिसरात खणांच्या काही घरांत भिंती ढासळल्या, पण लाकडी खांबांवरचे माळवद उभे राहिले आणि खालची माणसे वाचली. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले असते, ते सांधे हादऱ्यात किंचित हलतात आणि तुटत नाहीत. खण हे मोजमाप, तळखडा, हस्त, तुळई यांत पिढ्यान्पिढ्यांचे गणित साठलेले आहे. वाडा मोडला की ते गणितही मोडते, कारण ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

म्हणून पहिले काम नोंदीचे. सगळे वाडे वाचणार नाहीत, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. पण एकही वाडा, एकही लाकडी सभामंडप मोजमाप न घेता उतरवला जाऊ नये, एवढे तरी ठरवता येईल. खणांची संख्या, खांबांची उंची, सांध्यांचे आराखडे, नक्षीचे फोटो, घराण्याच्या आठवणी. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना जुन्या वास्तूंची प्रत्यक्ष मोजणी करून आराखडे काढायचे काम अभ्यासाचा भाग म्हणून असतेच. पुण्यात अशी अनेक महाविद्यालये आहेत, बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे आहे. या मुलांनी दरवर्षी एक तालुका घेतला तर पंधराएक वर्षांत पुणे जिल्ह्याचा लाकडी वारसा कागदावर येईल. बारामती, इंदापूर, पुरंदर, दौंड इथून सुरुवात करायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरे काम दुरुस्तीच्या पद्धतीचे. इकोमॉस या जागतिक संस्थेने लाकडी वास्तूंच्या जतनाची तत्त्वे १९९९ साली ठरवली. त्यांचा मथितार्थ गावच्या सुताराला सांगावा लागणार नाही, तो त्याला आधीच ठाऊक आहे. कुजला असेल तेवढाच भाग कापा, त्याच जातीचे लाकूड जोडा, जुन्या सांध्याने जोडा. खांबाचे बूड कुजले म्हणून अख्खा खांब फेकू नका. सिमेंटने बूड बुजवू तर मुळीच नका, कारण ओल आत कोंडते आणि चांगले लाकूडही जाते. तैलरंगाचा जाड थरही तेच करतो. यासाठी सुतार हवेत, आणि सुतार हवे असतील तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुतारकामाच्या वर्गात वाड्याचे सांधे शिकवले गेले पाहिजेत. शासन ज्या जुन्या वास्तूंवर खर्च करते त्या प्रत्येक कामावर दोन-चार शिकाऊ हात ठेवले तर शिकवण्याचा खर्च वेगळा काढावाही लागणार नाही.

तिसरे काम मालकाला हात देण्याचे. जो जुने माळवद राखतो त्याला घरपट्टीत सवलत मिळावी, दुरुस्तीला कमी व्याजाचे कर्ज मिळावे आणि खांब विकायचाच असेल तर तो आधी जिल्ह्यातल्या संग्रहालयाला विचारला जावा. कायद्याचा बडगा एकट्याने वाडा वाचवत नाही. त्याच्या जोडीला मालकाच्या खिशाचा विचार करावा लागतो.

बारामतीला कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत बारामतीत राहिले आणि आर्या रचत राहिले. लोणी भापकरला पुष्करणी, मंडप आणि वराह आहेत. इंदापूरला मालोजीराजांच्या गढीचा वारसा आहे. या दोन तालुक्यांत दगडाची कमतरता नाही, आणि त्या दगडांच्या आत-बाहेर, शेजारच्या आळीत, देवळाच्या मागच्या वाड्यात अजून लाकूडही उभे आहे. कुठे ओसरीचे चार खांब, कुठे एखादी महिरप, कुठे चौकाभोवतीचा सज्जा.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास भरतात. येणाऱ्या ग्रामसभेत एक ठराव मांडता येईल. गावातल्या शंभर वर्षांहून जुन्या प्रत्येक लाकडी वास्तूची यादी करायची, शाळेच्या मुलांकडून तिचे फोटो काढून घ्यायचे, आणि त्यातले काहीही उतरवण्याआधी ग्रामपंचायतीला कळवायचे. याला निधी लागत नाही, एक वही लागते. लोणी भापकरने त्या वहीचे पहिले पान लिहावे.